सिरोंच्याच्या वाळूतली शॅम्पेन

मी सोड्याच्या घरातली मुलगी. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जटपुरा दरवाज्याच्या आतल्या बाजूला माझ्या वडिलांचं सोडावॉटरचं काम होतं. लोक त्याला कारखाना म्हणत, पण ती होती एक पत्र्याची खोली. आत गॅसची उंच लोखंडी टाकी, पाण्याचे रांजण आणि हाताने फिरवायची मशीन. मशीनच्या पिंजऱ्यात बाटल्या अडकवायच्या, गॅसची चावी सोडायची आणि दांडा धरून पिंजरा गरगर फिरवायचा. बाटली उलटी झाली की आतली काचेची गोटी घरंगळत तोंडाशी येई आणि गॅसच्या जोराने रबराच्या कड्यात घट्ट बसे. हे काम मी परकर नेसत होते तेव्हापासून केलेलं आहे, आणि सांगायला हरकत नाही, वडिलांच्यापेक्षा माझ्या हातच्या बाटल्या कमी फुटत.

वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. पाणी जितकं गार, तितका गॅस त्यात सुखाने राहतो. पाणी तापलं की त्याला पळायची घाई होते. सोडा चांगला की वाईट हे गॅसवर नाही, गारव्यावर ठरतं, असं त्यांचं मत होतं. ते मी सासरी घेऊन गेले.

सासर सिरोंच्याला. पन्नास साल उलटून थोडाच काळ झाला होता. चांद्याहून निघालं की आलापल्लीच्या सागवनातून धक्के खात जायचं, वाटेत पूल नसलेल्या नद्या, आणि शेवटी एकदम उघडी पडलेली प्राणहिता, पुढे गोदावरी. सासरचे लोक जाळ्यावर आणि नावेवर जगणारे. आमचंही मूळ घराणं तेच. वडील तेवढे शहरात येऊन गॅसच्या नादी लागले. माझ्या नवऱ्याची पलीकडच्या काठाला ये-जा करणारी नाव होती. घरात सासूबाई. त्यांचं बोलणं निम्मं आपलं, निम्मं तेलुगू, आणि कोणतं कधी येईल याचा नेम नसे.

वडिलांनी त्याच सुमारास मोठी मशीन घेतली होती. जुनी मशीन मी मागून घेतली आणि लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात घाटावर, चिंचेच्या झाडाखाली, सोड्याची टपरी टाकली. बाईमाणसाने घाटावर बसून बाटल्या फोडाव्यात हे भावकीला रुचलं नाही. ते सासूबाईंकडे आले. सासूबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग मला म्हणाल्या की सोडा कोमट आहे, त्याचं आधी काही तरी कर.

सासूबाईंचं म्हणणं खरं होतं. सिरोंच्याचा उन्हाळा म्हणजे माठातलं पाणीसुद्धा दुपारी कोमट लागतं. बर्फ औषधालाही मिळत नसे. तेव्हा सासूबाईंनीच मला नदीची जागा दाखवली. उन्हाळ्यात पात्र आटून एका कडेला जातं आणि मधे वाळूचं मैदान पडतं. त्या वाळूतून त्या अनवाणी चालत, तळव्याने चाचपत गेल्या आणि एका ठिकाणी थांबून हाताने वाळू उपसायला लागल्या. कोपरभर खाली झिरा लागला. ते पाणी नदीच्या पाण्याहून निराळंच गार होतं. मी बाटल्या आधी त्या झिऱ्यात पुरायला लागले, आणि दुपार झाली की काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून झाडाला टांगायला. उन्हाची झळ जितकी कोरडी, तितकं ओलं गोणपाट गार होतं. लोक याला जादू समजत. मला त्यात जादू वाटली नाही. पण नावेतून उतरलेला माणूस पहिला घोट घेऊन डोळे मिटायचा, ते पाहायला मला फार आवडायचं.

तर अशाच एका उन्हाळ्यातली ही गोष्ट.

जंगल खात्याचे एक मोठे साहेब निवृत्त होणार होते. तरुणपणी त्यांची पहिली नेमणूक सिरोंच्याची होती, म्हणून शेवटचा दौराही त्यांनी इथेच आखला. नदीकाठच्या डाक बंगल्यात उतरले होते. संध्याकाळी जेवण होतं, चार ठिकाणचे अधिकारी आणि लाकडाचे ठेकेदार यायचे होते. जेवणासाठी नागपूरहून भुशात घालून बर्फ निघाला होता. बल्लारशापर्यंत तो रेल्वेने नीट आला. पुढे ट्रकचा आस तुटला आणि ट्रक जंगलात अडकला. दुसऱ्या ट्रकने माल आला तेव्हा पेटीत ओला भुसा होता आणि बर्फ नव्हता.

हे मला डाक बंगल्याच्या खानसाम्याकडून कळलं. तो सकाळी सोड्याच्या बाटल्या सांगायला आला आणि सगळी हकिकत सांगून गेला. त्याच्यामागून थोड्याच वेळात साहेबांच्या बाईसाहेब स्वतः घाटावर आल्या. सोबत चपराशी, त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बाटल्या.

बाईसाहेब नागपूरच्या. उंच, डोळ्याला चष्मा, पदर कमरेला खोचलेला. आल्या आल्या त्यांनी सोडा मागितला. मी झिऱ्यातली बाटली काढून, गोटी आत दाबून फोडून दिली. त्यांनी ग्लास गालाला लावून पाहिला, मग प्याल्या.

"हा इतका गार कसा?" त्यांनी विचारलं.

"नदी करते गार. मी फक्त ठेवते," मी म्हटलं.

त्यांनी चपराशाला बाटल्या उघड्या करायला सांगितल्या. मी अशी बाटली आधी पाहिली नव्हती. गर्द हिरवी, जड, गळ्यावर सोनेरी कागद. बुडाला आत ढकललेला खड्डा, त्यात माझा अंगठा पुरता बसला. शॅम्पेन, त्या म्हणाल्या. साहेबांचा एक इंग्रज वरिष्ठ देश सोडून जाताना या दोन बाटल्या देऊन गेला होता आणि ज्या दिवशी जंगल सोडशील त्या दिवशी उघड, असं सांगून गेला होता. साहेबांनी त्या तेव्हापासून बदलीमागून बदलीला ट्रंकेतून फिरवल्या. आज संध्याकाळी त्या उघडायच्या होत्या, आणि गरम शॅम्पेन पाहुण्यांपुढे ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी, असं बाईसाहेबांचं म्हणणं होतं.

मी बाटली उजेडात धरून पाहिली. काच माझ्या बाटलीपेक्षा कितीतरी जाड. कुठे चीर नाही. मी विचारलं, "यात जोर किती असते?"

"तुझ्या सोड्याहून जास्त. बूच सुटलं तर दिवा फोडतं. मी फोडलेला आहे."

मी म्हटलं की मी गार करून देते. संध्याकाळपर्यंत बर्फासारख्या नाही होणार, पण पिण्यासारख्या होतील.

बाटल्या ठेवून त्या परत जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी चपराशाला परत पाठवलं आणि स्वतः थांबल्या. बंगल्यावर सकाळपासून ठेकेदार येऊन साहेबांना हार घालत होते. त्यांना तिथे बसायचा कंटाळा आला होता, हे त्यांनी सरळच सांगितलं. त्यांनी चपला काढल्या आणि आमच्यामागून वाळूत आल्या. सासूबाईंनी झिरा आणखी खोल केला. मी बाटल्या आडव्या ठेवून वरून ओली वाळू लोटली, आणि जांभळीची एक फांदी रोवून सावली केली.

माझा नवरा नाव लावून वर आला तेव्हा त्याने हे पाहिलं. मला बाजूला बोलावून त्याने हळू आवाजात विचारलं, "काऊन घेतलं हे अंगावर? फुटली तं साहेबाले काय सांगशीन?"

"फुटणार नाई. मी काच पाह्यली," मी म्हटलं.

पुढच्या खेपेला जाईपर्यंत तो दोनदा येऊन वाळूकडे पाहून गेला.

दुपार चढली. पलीकडच्या काठाला कुणी दिसेना. आम्ही तिघी चिंचेखाली बसलो होतो. सासूबाईंनी सकाळी मिळालेले झिंगे तव्यावर तेल-तिखट लावून परतले आणि पळसाच्या पानावर मधे ठेवले. बाईसाहेबांनी संकोच न करता खायला सुरुवात केली, त्यामुळे सासूबाईंची जीभ सुटली. एरवी त्या साहेबलोकांपुढे गप्प असत.

बाईसाहेबांनी आपल्या फुटलेल्या दिव्याची गोष्ट सांगितली. नवीन लग्न झालेलं, साहेब तेव्हा लहान हुद्द्यावर. वरिष्ठ इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या मडमा जेवायला आलेल्या. नव्या नवरीने शॅम्पेन उघडावी असा कुणीतरी आग्रह केला. त्यांनी बूच ओढलं, ते उडालं आणि टांगलेल्या दिव्याची काच ताटांत पडली. फेस एका मडमेच्या अंगावर. सगळे हसले, अगदी सभ्यपणे हसले. त्या म्हणाल्या की कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानंतर त्यांनी जिथे जिथे बाटली उघडली जाई तिथे उघडणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं, आणि वर्षाच्या आत त्यांच्या घरी त्यांच्याशिवाय कुणी बाटलीला हात लावेनासं झालं.

मग त्यांनी सासूबाईंना ताडीचं विचारलं. सासूबाईंना हा विषय आवडीचा. पहाटे उतरवलेली ताडी कशी गोड आणि जिभेला कशी चुरचुरते, ऊन आलं की ती कशी आंबत जाते, दुपारची ताडी फक्त भांडणाऱ्यांनी प्यावी, हे सगळं त्यांनी सांगितलं. ताडी झाडाखालीच प्यायची, पानाच्या खोल्यात, म्हणजे द्रोणात, प्यायची, आणि पहिली धार जमिनीला द्यायची. घरी नेऊन ठेवायची नाही. बाईसाहेब म्हणाल्या की शॅम्पेनचं अगदी उलट आहे. ती तळघरात ठेवतात, वर्षानुवर्षं ठेवतात. सासूबाईंना हे पटलं नाही. इतकी वर्षं ठेवून ती चांगली कशी राहील, असं त्यांनी विचारलं.

बाटल्या पुरल्या होत्या त्या वाळूकडे बाईसाहेबांनी पाहिलं.

"तेच माझ्याही मनात आहे," त्या म्हणाल्या. "इतके उन्हाळे ट्रंकेत काढलेत या बाटल्यांनी. साहेबांना वाटतं आत सगळं तसंच आहे. एक उघडून बघावी का?"

मी म्हटलं की उघडली तर ती संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. माझी बाटली फोडली तरी मशीनवर पुन्हा भरता येते. या बाटलीला गोटी नव्हती.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. मग अगदी सहज, झिंग्याचं साल काढता काढता म्हणाल्या, "मी आयुष्यात किती शॅम्पेन वाढली असेल त्याचा हिशोब नाही. ग्लास माझ्याही हातात असायचा. पण डोळे सगळे दुसऱ्यांच्या ग्लासांवर. कुणाचा रिकामा झाला, कुणाला नको आहे, खानसामा कुठे आहे. गार असताना, बसून, अशी मी ती कधी प्यायलेलीच नाही."

सासूबाईंनी मला नुसती मान हलवून खूण केली. मी उठले आणि वाळूतून एक बाटली काढून आणली. हाताला ती चांगली गार लागत होती. ओलं गोणपाट गुंडाळून मी ती फांदीला टांगली आणि वाऱ्याला थोडा वेळ दिला. आम्ही तिघी तिच्याकडे बघत बसलो.

बाईसाहेबांनी बाटली स्वतः उघडली नाही. माझे हात पाहून म्हणाल्या की उघड तूच, संध्याकाळीही तुलाच उघडायची आहे, खानसामा या बाटलीला भितो. त्यांनी सांगितलं तसं मी केलं. आधी कागद सोलला. मग बुचावर अंगठा दाबून ठेवला आणि तारेची जाळी सैल केली. तो अंगठा तिथून हलवायचा नाही, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. बाटली तिरपी धरायची, तोंड कुणाकडे करायचं नाही. वर फडकं. आणि मग बूच फिरवायचं नाही, बूच घट्ट धरून खालून बाटली फिरवायची. बूच आपण होऊन वर येतं, तेव्हा त्याला सोडायचं नाही, उलट थोडं मागे दाबायचं.

माझ्या तळहातात तो जोर आला आणि मला ओळखीचा वाटला. रबराच्या कड्यातून गोटी खाली जाताना असंच ढकलतं, फक्त इथे घाई नव्हती. मी धरून ठेवलं. बूच सुटलं तेव्हा झोपेत लेकराने उसासा टाकावा एवढाच आवाज झाला.

"बस," बाईसाहेब म्हणाल्या. "यापेक्षा जास्त आवाज म्हणजे तेवढी चव हवेत गेली."

ग्लास माझ्या टपरीचेच होते, साधे, उभे. मी सोडा ओततात तशी वरून धार धरायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. ग्लास तिरपा करायचा, काचेच्या कडेने ओतायचं, थोडंसंच, फेस वर येतो तो बसू द्यायचा, मग पुन्हा. मी त्यांना म्हटलं की आमच्या गिऱ्हाइकाले फेस पाहिजे, तमाशा पाहिजे, नाहीतर सोडा जुना आहे म्हणतात. त्या हसल्या. गॅस गिऱ्हाइकाच्या नाकात जाऊ दे, म्हणाल्या, हवेत घालवून तुझा काय फायदा?

मी ग्लास उन्हाकडे धरला. सोड्याचे बुडबुडे मोठे, दांडगे असतात, कुठूनही उठतात. हे मोहरीहून बारीक होते आणि एकाच जागेवरून दोऱ्यासारखे सरळ वर जात होते, थांबत नव्हते. रंग नव्या तुपाचा. वास घेतला तर आंबवलेल्या पिठाचा. मी तोवर दारू कधी घेतली नव्हती, पण त्या दिवशी मला घ्यावीशी वाटली आणि मी घेतली. आंबट होती, पण तो चिंचेचा किंवा कैरीचा आंबटपणा नव्हता. जीभ आधी चमकली, मग नाक, आणि गिळल्यावर तोंड एकदम स्वच्छ झालं. झिंग्याचं तिखट कुठल्या कुठे गेलं आणि आणखी एक झिंगा खावासा वाटला.

सासूबाईंनी पहिला थेंब वाळूवर सांडला. मग डोळे मिटून मोठा घोट घेतला, थोडा वेळ तसाच तोंडात ठेवला.

"मंचिगुंदी," त्या म्हणाल्या. चांगली आहे, असं ते तेलुगूतलं कौतुक त्यांच्या तोंडून क्वचित निघायचं. मग विचार करून त्यांनी भर घातली, "पण पहाटच्या ताडीएवढी गोड नाई." आणि ग्लास पुढे केला.

बाईसाहेब पाय पसरून बसल्या होत्या. चष्मा काढून त्यांनी पदरात ठेवला होता. त्यांचा ग्लास मी भरत होते आणि त्या नुसत्या पीत होत्या, सावकाश, कुणाकडेही न पाहता. एकदा म्हणाल्या की ही इतकी चांगली असते हे मला कुणी सांगितलंच नाही. आम्ही ती बाटली तिघींनी संपवली. उरवून काही उपयोग नव्हता, आणि उरवावी असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

संध्याकाळी मी सोड्याच्या पेट्या आणि दुसरी बाटली घेऊन बंगल्यावर गेले. पेटी उचलायला नवरा सोबत होता. व्हरांड्यात पेट्रोमॅक्स लावला होता. पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. बाईसाहेबांनी आता चांगली साडी नेसली होती आणि पसरट तोंडाचे, बारीक दांड्याचे ग्लास ट्रेमध्ये मांडून ठेवले होते. त्यांनी मला खानसाम्याच्या जागी उभं केलं.

साहेब उभे राहिले. बारीक, टक्कल पडलेले, मवाळ आवाजाचे गृहस्थ. पहिल्या नेमणुकीला ते याच बंगल्यात तापाने महिनाभर पडून होते, तेव्हा इथून जिवंत जाऊ असं वाटलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. मग इंग्रज वरिष्ठाची आठवण सांगितली आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली.

मी कागद सोलला, अंगठा ठेवला, तार सोडली, बाटली तिरपी केली. सगळं दुपारसारखंच केलं. पण बाटली फिरवायला लागताच मला कळलं. खालून काहीच ढकलत नव्हतं. बूच माझ्या हातात निमूट आलं, औषधाच्या बाटलीचं यावं तसं. उसासा नाही, काही नाही. मी ग्लासात थोडं ओतलं. कडक चहाचा रंग, आणि वास जुन्या लोणच्याच्या बरणीचा.

साहेबांनी ग्लास हातात घेतला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"हरकत नाही," ते म्हणाले. "दुसरी उघड."

मी बाईसाहेबांकडे पाहिलं. पायरीवर उभ्या असलेल्या नवऱ्याला दुपारचं काही ठाऊक नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून त्याला समजलं असावं, कारण त्याने हातातली पेटी खाली ठेवली. बोलायला मी तयार होते. वाळूतून बाटली काढली ती मी, उघडली ती मी. पण बाईसाहेबांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि त्याच बोलल्या.

"दुसरी नाही. दुपारी नदीवर उघडली. आम्ही तिघींनी प्यायली."

व्हरांड्यात सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी नजर वळवली नाही, माफीही मागितली नाही. मला वाटलं आता साहेब काही तरी वेडंवाकडं बोलतील.

"कशी होती?" त्यांनी विचारलं.

"फार चांगली होती."

"गार?"

"अगदी हवी तशी."

साहेब खुर्चीत बसले. "मग वाया नाही गेली," ते म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं की तुझ्याजवळ गार काय आहे. मी सांगितलं, लेमन आहे, आल्याचा आहे, साधा आहे. त्यांनी लेमन मागितला, आणि याच ग्लासांत दे म्हणाले. मी पेटी वर घेतली. गोटी आत दाबली पण तळवा लगेच उचलला नाही. जोर हळू सुटू दिला, म्हणजे बाटली ओकली नाही. गळ्यातल्या खाचेत गोटी अडकवून धरली की ती आड येत नाही आणि धार सरळ पडते. ग्लास तिरपा केला, कडेने ओतलं, फेस बसू दिला, पुन्हा ओतलं. एकेका पाहुण्यापुढे जाऊन असंच केलं. बाईसाहेबांना मी खुर्ची दाखवली आणि त्या बसल्या. त्यांच्यापुढेही मीच ग्लास ठेवला.

पातळ काचेच्या ग्लासात माझा लेमन पेट्रोमॅक्सच्या उजेडात असा दिसत होता की मी स्वतः थांबून पाहिला. साहेबांनी ग्लास उंच केला, सगळ्यांनी केला. एक जाडे ठेकेदार ढेकर देऊन म्हणाले की आपल्याले हेच मानवते. त्यावर साहेब मोकळेपणाने हसले, आणि मग सगळेच. नंतर व्हिस्की निघाली, तिच्यात माझा साधा सोडा गेला, आणि जेवण लांबलं.

आम्ही निघालो तेव्हा बाईसाहेब पायरीपर्यंत आल्या. एक बाटली का बिघडली आणि एक का टिकली, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एक ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली आडवी पडलेली होती, दुसरी साहेबांनी जपून कोपऱ्यात उभी ठेवलेली. आडव्या बाटलीचं बूच आतून ओलं राहतं, फुगलेलं राहतं. उभ्या बाटलीचं सुकतं आणि गॅस हळूहळू निघून जातो. साहेबांनी जपली तीच गेली, असं त्या म्हणाल्या, आणि हे त्यांना सांगू नकोस, असंही.

वाटेत नवरा दोन पावलं पुढेच चालत होता. मला वाटलं तो रागावला आहे. साहेबांची चीज पिऊन टाकली, उद्या घाटावर नाव चालवायचा ठेका गेला तर काय, असं काही तरी निघणार म्हणून मी उत्तरं जुळवत होते. घर जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "माह्यासाठी एक घोट ठेवता नाई आला?"

"तुमी नावेवर होते," मी म्हटलं.

"हाक मारली असती तं आलो असतो."

सासूबाई दारातच बसलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं की हाक मारायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण बाटली लहान होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा साहेबांना आणि बाईसाहेबांना पलीकडे सोडून आला. पलीकडे उतरताना बाईसाहेबांनी त्याला माझ्यासाठी निरोप दिला होता की पावसाळ्यात मशीन बंद असेल तेव्हा तिची रबरं काढून तेल लावून ठेव, नाहीतर तीही बुचासारखी सुकतील. तो निरोप त्याने जसाच्या तसा पोचवला, आणि मग न सांगता टपरीवर बसून सोडा प्यायला. ग्लास त्याने तिरपा धरला होता.

त्या उन्हाळ्यापासून मी वरून धार धरणं बंद केलं. सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुरलं. फेस काऊन नाई, असं विचारायचे. मी म्हणायचे, पिऊन पाहा आणि मग सांग. बाटली पुसून द्यायची, ग्लास आधी गार पाण्यातून काढायचा, आणि माणूस उन्हातून आला असेल तर त्याला आधी क्षणभर सावलीत बसू द्यायचं, हे मी माझ्या मनाने वाढवलं. पलीकडच्या तेलुगू लग्नांतून बोलावणी यायला लागली. सोड्यासाठी नाही तर सोडा वाढण्यासाठी. मी आणि सासूबाई नावेत पेट्या घालून जायचो. मांडवाच्या कडेला ओली गोणपाटं टांगली की वऱ्हाडी आधी तिथेच गोळा व्हायचे, आणि नवरदेवाचा ग्लास भरायचा मान सासूबाई कुणाला देत नसत.